चारशे फोटोंची आई

सोमवार, ३ तारीख
पोरी, माफ कर. रोज लिहीन म्हणालो होतो आणि तू दिलेली वही आज आठ दिवसांनी उघडतोय. पुतण्याकडे सुखरूप पोचलो. खोली उजेडाची आहे, सूनबाई विचारून विचारून करते, मला काही कमी नाही. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, चुकलं तर हसू नकोस.

तुझ्या आईचा मोठा फोटो करायचा घाट घातलाय. पुतण्याचा धंदाच तो. शेकडो फोटो काडेपेटीएवढे छापून फळीवर डकवायचे, लांबून बघितलं की त्यातून एकच चेहरा उमटतो. आपल्या ट्रंकेतले चारशे फोटो निघाले. ते निवडायचं काम माझं. फोटोत कोण आहे ते बघायचं नाही, डोळे किलकिले करून नुसता उजेड-काळोख बघायचा. उजळ ते गालाला, काळपट ते केसांना. सूनबाई म्हणते, काका, तुमच्याएवढं चोख मला जमलं नसतं.

बुधवार, ५
डोळे बारीक केले की सगळी माणसं पुसट होतात. एक होत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत दाराशी उभा आहे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कोण ते आठवेना. वय झालं, दुसरं काय.

शुक्रवार, ७
तो प्रत्येक फोटोत आहे. मला पुतण्याचाच संशय येतो. कॉम्प्युटरवर कुणालाही कुठेही चिकटवता येतं म्हणे. सरळ विचारलं, तर हसला.
"काका, आपल्यातलेच असतील कुणीतरी. सगळ्या कार्यांत दिसतात की."
सूनबाईला तर तो माझा भाऊ वाटत होता. माझा भाऊ एकच, तिचा सासरा, आणि तो चांगला बुटका होता.

शनिवार, ८
दुपारी दोघं बाहेर गेल्यावर उशाखालची पिशवी काढली. यातले फोटो मी कुणाला दिलेलेच नाहीत. त्यातही तो आहे. पोरावर उगीच आळ घेतला.
सगळे गादीवर वर्षांप्रमाणे मांडले. लग्नात दाराशी. तुझ्या जन्मानंतर खिडकीपाशी. तू शाळेत गेलीस तेव्हा टेबलाला टेकून. दर वेळी थोडा जवळ. वय मात्र तेच, एक केस पिकलेला नाही.
आईच्या शेवटच्या फोटोत तो तिच्या मागे आहे. खांद्यावर हात. तो फोटो मंगळवारचा. शुक्रवारी ती गेली —

रविवार, ९
फळी पुरी झाली. लांब जाऊन बघितली.
आई नाही ती. गळ्यापर्यंत बटणं —
पुतण्या शपथेवर सांगतो, त्याने आईचाच चेहरा घेतला होता. सूनबाई त्या खोलीत पाय ठेवत नाही.

सोमवार, १०
सकाळी तुझा फोटो आला. नव्या घरात, ओट्यापाशी, हसतेयस. तुझ्या खांद्यावर — बोटं स्पष्ट दिसतात —
दहादा फोन लावला. वाजतो, तू उचलत नाहीस. पुतण्या गाडी काढतोय, ही पानं त्याच्याच हाती देतोय.
मागे वळून बघू नकोस. फोटो तर मुळीच काढू नकोस. नुसता निरोप पाठव पोरी, लवकर, चार शब्द, की तू बरी आ —