मुलगी शांत आहे

विहीणबाईंना, रीत म्हणून नमस्कार.

काल कोर्टाच्या निकालाची नक्कल आली. तिची फी भरली, दोनदा रिक्षा केली, आणि हाती काय आलं? माझी नात तिच्या बापाकडे, म्हणजे तुमच्याच घरी राहणार.

तो पोरीला मारतो, हे माझ्या लेकीने सांगितलं, ते पुरावा नाही म्हणून बाजूला ठेवलंय. कोर्टाकडून घर पाहायला आलेल्या बाईंचं मात्र सगळं मानलंय. आधी कळवून आल्या होत्या त्या. लिहितात, "घर नीटनेटकं. मुलगी शांत, शिस्तीची. विचारल्याशिवाय बोलत नाही."

अहो, ही माझी नात? माझ्याकडे असताना जपालाही बसू द्यायची नाही. "आजी, देवाला ऐकू येतं ना? मग तेच तेच काय सांगतेस?" मी म्हणायचे, "गप गं, भवाने!" तरी गप्प बसायची नाही. तिला तशी बसलेली पाहून मी आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता. कोर्टाने त्या शांत बसण्याचेच गुण दिले.

तुम्हीही साक्षीत म्हणालात, "आमच्या घरात रडारड नसते." नसेलच. रडलं की आणखी मार बसतो, हे पोरीला केव्हाच कळलंय. तुम्हालाही.

वकिलांनी तुम्हाला लिहायची मनाई केलीय. तिकीट वाया घालवत नाही, पाकीट देवापाशीच ठेवते. त्याच्याकडून पोचलंच, तर उलट टपाली एवढंच कळवा: ती तुमच्याशी तरी बोलते का?

तिची दुसरी आजी