नर्सबाईची चौकशी

अमरावती,
शुक्रवार, ता. १८ डिसेंबर १९३६

चि. किसन यास गोवर्धनचे आशीर्वाद. सौ. पार्बतालाही माझे आशीर्वाद सांगावेत.

तुझे पत्र मंगळवारी पावले. वांग्याला कीड लागली, मेथी मात्र जोरात आहे, हे वाचले. माझी प्रकृती उत्तम. व्यायाम सुटलेला नाही. फक्त पत्र आल्यापासून जोर मारताना मोजणी चुकते आणि पुन्हा एकपासून सुरू करावे लागते. माझी मोजणी चुकत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या कमरेचे दुखणे हे वाताचे नाही. तू भाजीचा हारा पाठीतून वाकून उचलतोस. पाठ उभी ठेव, गुडघ्यातून पुरती बैठक घे, हारा छातीशी आण आणि मांड्यांच्या जोरावर ऊठ. हे मी इतरांना शिकवतो आणि माझाच भाऊ तेल चोळत बसतो.

आता तू विचारलेली चौकशी. तुझेच शब्द उतरवतो, म्हणजे उत्तर देताना काही सुटायला नको. ‘दादा, आपल्या गावात बाळंतिणीचा दवाखाना निघून रायला. नर्स तुमच्या वर्गातून शिकून येनार म्हनते. कोन हाये, कोन्या जातीची, कोनाच्या घरची, हातगुण कसा, सारं पाहून सांगजा. आपल्या सुनेले, शालूले आठवा लागला. पयल्या खेपेले झालं तसं आता नोको. जातीची बाई असली तर तिलेच घरी बोलावतो.’

उत्तर देतो. पण आधी हा वर्ग काय आहे ते समजून घे. तिकडे लोकांना वाटते, नर्स म्हणजे औषध पाजणारी मोलकरीण. तसे नाही. बायकांच्या दवाखान्यामागे एक लांब खोली आहे, तिथे दोन वर्षे शिकवतात. ताप कसा पाहावा, जखम कशी बांधावी, आजारी माणसाची कूस कशी बदलावी, आणि मुख्य म्हणजे बाळंतपण. रोगी उचलता उचलता मुलींच्याच पाठी धरू लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बोलावले. हे शिकायला मी कोणत्या शाळेत गेलो नाही. शरीराच्या चित्रांचे पुस्तक समोर ठेवून एकेक स्नायू माझ्याच अंगावर दाबून ओळखला. तेच मी शिकवतो. पदर खोचून सगळ्याजणी सकाळी बैठका मारतात. पहिल्या दिवशी एक लाजली, दुसऱ्या दिवशी कोणी लाजले नाही.

अकोल्याची एक बेबीताई आहे, फार तोंडाळ. गव्हाचे पोते उचलायला दिले तर म्हणाली, ‘वस्ताद, पोतं काय कन्हते का? तुमीच झोपा ना खाटेवर. आमाले वजनाचा मानूस पायजे.’ मला झोपावे लागले. दोघींनी मला उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवले. बेबीताई म्हणाली, ‘वस्तादाले आता बाजरी बंद करा.’ सगळ्या हसल्या. दुसऱ्या बाजूने जिने उचलले होते ती हसली नाही. तिने आधी माझे डोके उशीवर नीट ठेवले. आपल्या तेल्हाऱ्याला येणारी नर्स तीच.

दिवेलागण झाली. आखाड्यात जाऊन येतो.

शनिवार, सकाळ

काल आखाड्यातून आलो आणि बसलो नाही. गावात दोन फेऱ्या मारल्या. तर, तुझे प्रश्न.

जात कोणती? आपलीच. माळी.

कोणाच्या घरची? चांगल्या. काळी जमीन, मळा, स्वतःची विहीर. बाप कष्टाचा आणि हेकट.

लग्न झालेली आहे. परतवाड्याला दिली होती. नवऱ्याने दुसरी बायको घरात आणली. ही माहेरी आली, बापाने परत पोचवली. पुन्हा आली, पुन्हा पोचवली. तिसऱ्या खेपेस ती माहेराला गेली नाही. अमरावतीला, तिच्या बापाच्या थोरल्या भावाकडे आली.

किसन, पत्र खाली ठेवू नको. होय, तुझीच जयवंता.

ती गेल्यापासून तू दर पत्रात पऱ्हाटीच्या पिकाचे, पावसाचे लिहिलेस, मी तब्येतीचे लिहिले. तू विचारले नाहीस, मी सांगितले नाही. तिने नवऱ्याचे घर सोडले ते तू कधीतरी पोटात घातले असतेस. पण वर्गात जाऊन तिने परक्या बाईची नाळ कापली हे बाजारात कोणी तुझ्या कानावर घातले, आणि ते तुला पचले नाही. नाळ सुईणीने कापायची, माळ्याच्या लेकीने नाही. तू विहिरीवर गेलास आणि जित्या पोरीच्या नावाने आंघोळ केलीस. मला ते पार्बताच्या भावाकडून कळले.

आणि आता तू मला लिहितोस की नाळ कापायला बाई पाहिजे, पण जातीची पाहिजे. आपल्या जातीच्या कोणत्या बापाने लेकीला हे शिकू दिले असेल असे तुला वाटले? तुझे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा हसू आले. नंतर आले नाही.

हातगुण विचारलास. हातगुण मी मानत नाही, हात धुणे मानतो. ती कोपरापर्यंत धुते, नखांत ब्रश घालते, मग पुन्हा धुते. तू तिला पाहशील तेव्हा तिच्या हातात बांगडी नसेल. अशुभ मनात आणू नको, वर्गात बांगडी चालत नाही. मागल्या महिन्यात वलगावच्या रस्त्याने एक बाई बैलगाडीत घालून आणली. गाडीवान म्हणाला, हात लावू नका, आता काही राहिले नाही. जयवंता चाकावर पाय देऊन वर चढली, बेबीताई खालून. दोघींनी तिला न हलवता उतरवले. मी अंगणात उभा होतो. आत काय झाले ते मी पाहिले नाही, पण बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई आणि मूल दोन्ही आहेत. जयवंता ओसरीवर बसून कण्यांचा घाटा खात होती. मी विचारले, ‘भेव नाई वाटलं?’ म्हणाली, ‘वाटलं. पन हाताले नाई सांगतलं.’

तेल्हाऱ्याची जागा निघाली तेव्हा मीच तिला म्हणालो, बेबीताईशी बदलून घे, ती तयार आहे.

‘काहून?’ म्हणाली. ‘तेल्हाऱ्यात तं मी मेली हावो, मोठेबाबा. मेलेल्या बाईले कोन काय बोलनार हाये?’

मग तीच पुढे म्हणाली. ‘शालूवयनीचं पयलं लेकरू आडवं होतं. तानुबाई सुईनीनं जीव तोडला असन, पन आडवं लेकरू दोरीनं नाई निंघत आन् नवसानंबी नाई. आदीच पोट पाह्यलं असतं तं तिले अकोल्याले नेता आलं असतं. मले तिचं पोट पाहू द्या म्हना बाबाले. बोलावनं आलं की मी येतो. घरचं मानूस नाई आलं, शेजारीन आली तरी येतो. नर्स म्हनून येतो, लेक म्हनून नाई. फक्त पान्याचा गिलास कोनी समोर करू नका म्हना. मी घेतला तं बाबाचा धरम जाते, नाई घेतला तं मायचं मन.’

हे मी जसेच्या तसे लिहिले आहे.

एक गोष्ट राहिली आणि कालपासून तिच्यासाठीच येरझारा घालतो आहे. दवाखान्यामागे नर्सला एक खोली आहे. तरुण बाई, नवऱ्याविना, बाप गावात असून त्याच्या दारात नाही. लोक काय बोलतील ते मला सांगू नकोस, ते मी आपल्या ओट्यावर ऐकतच वाढलो. म्हणून मी वर्गाची नोकरी सोडली. आखाडा पोरे सांभाळतील, त्यांना बऱ्यापैकी येते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘वस्ताद, तुम्ही तिथे काय करणार?’ मी म्हणालो, ‘दाराशी बसेन.’ उभ्या जन्मात रिकामा बसलेलो नाही. जमेल की नाही ते ठाऊक नाही.

आम्ही गुरुवारी अकोल्याहून दुपारच्या मोटारीने येतो. मी घरी उतरणार नाही. पार्बताला म्हणावे, माझे ताट मांडू नको. जिथे जयवंता जेवेल तिथे मी जेवेन. हा राग नाही. दोन घरचे जेवण मला जमत नाही, एवढेच.

शालूला दवाखान्यात आण, नाहीतर जयवंताला घरी बोलाव. यातले कोणतेही कर, कोणाच्याही हातून कर, मागच्या दाराने कर. चार लोक विचारतील, हिच्या नावाने तर तू आंघोळ केली होती ना, तर माझे नाव सांग. म्हणावे, थोरल्याने आणली, थोरल्यापुढे माझे चालत नाही. तुला तोंड लपवायला माझी पाठ पुरेल, ती अजून रुंद आहे. पण पौर्णिमेपर्यंत यातले काहीच झाले नाही, तर मी स्वतः येईन आणि शालूला घेऊन जाईन. तेव्हा मी तुला विचारणार नाही. तू आडवा उभा राहशील हे माहीत आहे. लहानपणीही राहायचास. तेव्हा मी तुला उचलून बाजूला ठेवायचो.

तिकडे थंडी जास्त असेल. कमरेची काळजी घे.

गुरुवारपासून दवाखान्याच्या दाराशी बसलेला सापडेल असा,
तुझा दादा
गोवर्धन