दुखण्याचा आकडा

१२ मे
गोळ्या बंद! लष्कराच्या दवाखान्यात येऊन गोळीच नाही — शेजारच्या खाटेवरचा आचारी (पलटणीचाच, गुडघा गेलेला) हसतोय. पाठीवर गरम पिशवी, ताणाचे व्यायाम, श्वास मोजायचा, मग चालायचं. व्यायामवाल्या ताई म्हणाल्या, "पाठ मोडली नाही रे तुझी, घाबरलीय." रोज विचारणार — शून्य ते दहा, किती दुखतंय? आठ, म्हटलं. त्यांनी तक्त्यावर लिहिलं.

१३ मे
आठ. चादरींच्या कपाटात मांजर व्यालंय. चार पिल्लं!

२ जून
पाच! पाण्याच्या टाकीपर्यंत चाललो.
शाळा सोडली, गॅरेज सोडलं, दोन मावश्यांची घरं सोडली — पलटण तेवढी सोडावीशी वाटली नाही. ट्रकवरून पेटी उतरवताना पाठ धरली, आणि आता पलटणच मला सोडायला बघतेय. महिनाअखेर डॉक्टरांचं मंडळ ठरवणार — ठेवायचा की घरी धाडायचा. कुठलं घर?

१९ जून
वाळूची पिशवी उचलली, मग जिन्यात बसून रडलो. ताईंनी पाहिलं.
"मंडळाला सांगू नका."
"नाही सांगत रे राजा."

२२ जून
दुखणं एकावर! ताईंनी पेन्सिलच हातात दिली — "आता तुझा तू लिहीत जा." ऐटीत काढला — १.

२८ जून
सात दिवस झाले, एकच. आचारी म्हणतो, "माझ्याआधी पोचशील, पण माझ्या कढईला हात लावू नकोस!"

२९ जून
अपात्र.
मंडळाचे साहेब तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात फारच बिघडलंय." कुणी सांगितलं? जिन्यातलं एकटीलाच माहीत! केसाने गळा कापला बाईने. राजा म्हणे!

३० जून
तोंडावर बोललो — चुगलखोर! आचारी मध्ये पडला, "अरे, ऐकून तरी घे." ताई म्हणाल्या, "मी एक शब्द बोलले नाही. दाद माग, मी येते सोबत." नाटकं सगळी. पापणीसुद्धा हलली नाही बाईची.
दाद-बिद काही नको. उद्या सोडचिठ्ठीवर सही केली की मामला मिटला. निघून जायला मला कुणी शिकवायला नको.

१ जुलै
सही ठोकली, खाली तारीख घातली. कारकुनाने शिक्का मारला, मग कागद डोळ्यांजवळ नेला.
"आज काय नऊ तारीख आहे होय रे?"
"एक आहे."
"मग इंग्रजीत काढ की! हा तुझा एक इथं सगळे नऊ वाचतात."
तक्त्यावर असे सात काढलेत मी. ऐटीत.