दोन डागांचं कडं

अण्णा, तुमचं लोखंडी कडं गेल्या आठवड्यात कापलं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, नात तुम्ही पाहिलीच नाहीत. सातव्या वर्षी तिला फेफरं यायला लागलं, तेव्हा मीच ते तिच्या मनगटात चढवलं. नवऱ्याला म्हटलं, दृष्टीचं आहे. आता ती नऊ वर्षांची आहे. गोळ्या चालू आहेत, तरी बोलता बोलता थांबते, ओठ चाटते आणि मग कोसळते. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. बीडला आमचा नंबर लागला, तर तिथल्या माणसाने तिचा हात धरला. "ताई, आत लई मोठं चुंबक हाय. हे काढल्याबिगर पोरगी आत जायची न्हाई." साबण लावला, तेल लावलं. गोळ्यांनी पोर अंगाने भरली आहे, कडं हललं नाही. आम्ही तसेच तेलगावला परत आलो.

ते कडं मला मिळालं तो दिवस अजून लख्ख आठवतो. मी तिसरीत होते आणि मैत्रिणीला सांगून बसले होते की मला फेफरं येतं. गुरुजींकडून ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही ट्रॅक्टरखालून बाहेर येता, ग्रीसच्या हातानेच मला वर्कशॉपमागे नेता. "कावून सांगितलंस? लगीन जमायचं न्हाई तुजं. परत त्वांड उघडायचं न्हाई, समजलं?" मारलं नाहीत. तुमचा आवाज कापत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्याच संध्याकाळी कडं माझ्या हातात आलं. तेराव्या वर्षी फेफरं थांबलं, तेव्हा तुम्हीच साबण लावून ते काढलंत. "झालं. आता ही गोष्ट तुज्या-माज्यात." तुम्ही गेलात आणि ती माझ्या एकटीत राहिली.

वर्कशॉप आता चाचा चालवतात, तुमच्या हाताखाली शिकलेले. लेकीचा हात त्यांनी ओल्या फडक्यावर ठेवला, कड्याखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि करवतीची पाती हळूहळू ओढायला लागले. मी तिचं तोंड माझ्याकडे फिरवून धरलं होतं. आता झटका आला तर, एवढंच डोक्यात. कडं निघालं तेव्हा चाचांनी ते उजेडात धरलं. "बेटा, याला जोडाचे दोन डाग हायती. एक पयला, एक नंतरचा. मोठं कडं कापून ल्हान केल्यालं हाय. हे मिस्त्रींच्या, तुज्या अण्णांच्या मनगटातलं."

मी तिथल्या टायरवरच बसले. तुमच्या काळ्या मनगटावरचा गोरा पट्टा मला आठवला. मला तो घड्याळाचा वाटायचा, पण घड्याळ तुम्ही वापरतच नव्हतात. आणि तुम्ही कधी ट्रॅक्टर चालवला नाहीत. दुरुस्ती झाली की मालकालाच वर बसवायचात. "तुमी चालवा, मी आवाज ऐकतो." लोक चिडवायचे, मिस्त्रीला गेर टाकता येत न्हाई. तुम्ही हसायचात. "त्यांनाही फेफरं यायचं का?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "दोनदा मी धरलंय त्यांना. कसम घातली व्हती." राग आला मला तुमचा, अण्णा. मला गप्प बसवताना एकदा तरी म्हणायचंत की मलाही येतं. मी काय गावभर सांगितलं असतं?

दुसऱ्या खेपेला मला आत बसू दिलं. जोडवी, पिना, मंगळसूत्र, सगळं बाहेर. यंत्र पत्रा ठोकल्यासारखं वाजत होतं आणि मी तिचा तळपाय धरून बोटांकडे बघत होते, कारण तिची बोटं आधी वळतात. नाही वळली. फोटोत डॉक्टरांनी दाखवलं, कानशिलाच्या आत, डाव्या बाजूला, आठवणी सांभाळणारा भाग उजव्यापेक्षा आकसलेला. फेफऱ्यामुळे तो तसा झाला की त्याच्यामुळे फेफरं येतं, ते म्हणाले, अजून सांगता येत नाही. मग पेन उचललं. "घरात आणखी कुणाला? खरं सांगा, पुढची दिशा त्यावर ठरवायचीय." नवरा लगेच म्हणाला, "न्हाई, आमच्याकडं कुणालाच न्हाई." मी म्हटलं, "माझ्या वडिलांना." डॉक्टरांनी लिहून घेतलं. "अजून कुणी?" नवरा माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, नाही.

परतीच्या बसमध्ये लेक खुशीत होती. मोकळं मनगट चोळत म्हणाली, "आई, आजोबांना बी यायचं? म्हंजे मी आजोबांवर गेले!" नवराही हसला, खूप दिवसांनी. मी खिडकीबाहेर कापूस बघत बसले. सोमवारी परत दाखवायचं आहे आणि त्या कागदावर एक ओळ कमी आहे, ती मलाच भरायची आहे. अण्णा, पोर माझ्यावर गेली आहे. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं, आणि तेही ज्याला ठाऊक होतं त्यालाच.