आडवं पाऊल

तळेगाव,
श्रावणातला सोमवार

चि. आचलले आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी कमलाच टपकली. दवाखान्यातल्या पोरी यायच्या होत्या दुपारी, ही शेजारीण सकाळीच ओले केस घेऊन ओट्यावर हजर! "कोणाच्या घरी येऊन राह्यल्या व त्या?" म्हणे. माह्याच, म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा तोल कसा जाते ते पाहत गावोगाव फिरून राह्यल्या. रक्षा अन् सपना नाव. तुह्याच वयाच्या. चहात साखर नको म्हणे, मी टाकलीच.

माह्या घोट्याजवळ टिकलीसारखं काहीतरी चिकटवलं, तारा लॅपटॉपले जोडल्या. कमला म्हणते, "पाहा बाप्पा, म्हातारी नवरीवानी पाय पुढं करून बसली!" तुझे आबा आतून एवढे हसले का त्याईले ठसकाच लागला.

मग रक्षा म्हणे, आजी, आता आडवं चाला, पायात पाय अडकवू नका. मले हसूच आलं. म्हटलं, पोरी, जलमभर तेच केलं मी! महालक्ष्मीच्या पंगतीत वाढणारी कशी चालते? वाकून, पानाकडे तोंड करून, आडवीच सरकते. सासूबाईनं शिकवलं, एक पाय टाकायचा, दुसरा त्याच्याजवळ आणायचा. पानाले लुगडं लागता कामा नये. मी भात घेऊन पुढं, माह्या डाव्या हाताले मागून वरण.

उजवीकडे मस्त गेली मी. डावीकडे पाऊल टाकलं अन् गेलीच होती, रक्षानं धरलं. मग रक्षाच म्हणे, आडवं पाऊल टाकलं का सगळं अंग तिकडे कलते, तवा घोट्याचे स्नायू ओढून धरते. तुमचे डावीकडचे उशिरा जागे होऊन राह्यले. आधी पडल्या होत्या काय?

नाई म्हटलं. तर कमला लगेच, "न्हाणीत पडली नाई काय व?"

तुले सांगितलं नोतं. लागलं नाई फार. पण आबाच्या रोहण्याच्या भावाले, रूपरावले कळलं. तो म्हणते, वहिनीचा तोल राह्यला नाई, वाढाले कोणी नाई, यंदा महालक्ष्म्या रोहण्याले आमच्याकडे नेतो. मागच्या साली दुखवट्यात बसवल्याच नाई. आता एकदा गेल्या का महालक्ष्म्या आपल्या घरी परत येत नसतात, माय.

रक्षानं ओटा धरून आडवं चालाले सांगितलं, रोज करतो. पण तिले एक नाई सांगितलं मी. डाव्या बाजूले पाय टाकाले गेली का वाटते, मीराच्या वरणाच्या बादलीले धक्का लागीन. तिकडे तुझी आईच राहे ना. म्हणून पाय अर्ध्यातच थांबते. हे लॅपटॉपमधी कसं दिसीन?

तू आईच्या वर्षश्राद्धाले आली अन् स्वयंपाकखोलीत न येताच संध्याकाळच्या गाडीनं गेली. रागावली नाई मी. मलेही तिथं जाववत नोतं. वरणाची बादली चिंचेनं घासून ठेवली आहे. महालक्ष्मीले येजो. एक पान सोडून मागं चालजो, घाई करू नको. तू आली तर रूपराव काय बोलते पाहतो मी.

शुक्रवारी परत येतो म्हणून गेल्या पोरी. त्याईनं वार तरी सांगितला.

तुझी,
आजी