टाकीला एकच खिडकी

झेलंड, ४ मार्च १९८८

चि. मारिनूस यास कोबाताईचे अ. उ. आ.

गाव मला वेडी म्हणतंय, ते तुझ्या कानावर येण्याआधी मीच कळवते. बाबा जन्मभर ज्यात पाणी चढवत होते, तो बंद पडलेला जलमनोरा मी घेतला आणि त्यात घर करते आहे. स्वयंपाकघर खाली पंपाच्या खोलीत, निजायची खोली थेट वर टाकीत. परवा रिकाम्या टाकीत शिंकले, तर टाकीच कितीतरी वेळ शिंकत राहिली.

वारसा समितीने टाकीच्या भिंतीत एकच खिडकी मंजूर केली आहे. ती मी बंधाऱ्याच्या रस्त्याकडे काढणार, कारण स्टेशनवरून येणारा त्याच रस्त्याने येतो. आपल्याकडे पडदे ओढत नाहीत, हे तिकडे समुद्रापलीकडे ओंटारिओत राहून विसरला नसशील. दिवा लावला की तुला लांबूनच दिसेल. गवंडी पुढच्या महिन्यात भिंत फोडेल. तू कधी येतोस ते लिही. 'पुढच्या उन्हाळ्यात' हे ऐकून ऐकून माझे केस पिकले.

तुझी वाट पाहणारी,
कोबाताई

ओंटारिओ, १७ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी मनोऱ्याच्या जिन्यावर चढलो की बाबांकडे चहाडी करून मला मार खायला लावायचीस, आणि आता स्वतःच त्याच्या डोक्यावर बिऱ्हाड थाटतेस. माझी बहीण पाण्याच्या टाकीत राहणार, असं शेजाऱ्यांना सांगितलं, तर त्यांना थट्टाच वाटली.

ताई, आता लपवत नाही. गेलं वर्षभर माझं हृदय थकलेलं आहे. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं, आणि तेही कायमचं. बोटीचं विचारलं, तर त्यालाही नाहीच म्हणाले. शाळेतून सायकलवर येताना धुक्यातून आधी मनोरा दिसायचा, मग खिडकीतला आईचा दिवा. ते रोज आठवतं. घरी यायचं फार मनात होतं गं. खिडकी तुझ्या सोयीने काढ, माझ्यासाठी रस्त्याकडे नको.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मारिनूस

झेलंड, १२ एप्रिल

चि. मारिनूस यास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. आधी रडले, मग तुझा राग आला. एवढं दुखणं बहिणीपासून लपवतात होय? औषधं वेळेवर घे. सोबत दालचिनीचे बोलुस, आपले ते गोड चिकट पाव, पाठवते आहे. वाळके पोचले तर कॉफीत बुडव.

गवंडी आला तेव्हा बंधाऱ्याकडच्या भिंतीवर माझी खडूची खूण होती. ती ओल्या फडक्याने पुसली आणि पश्चिमेला नवी केली. तो म्हणाला की तिकडे ना रस्ता ना घरं, नुसता समुद्र आहे, वारा तेवढा आत येईल. त्या बाजूचा दिवा बघणार तरी कोण, असंही त्याने विचारलं. मी सांगितलं की समुद्रापलीकडे माझा भाऊ राहतो. मग त्याने पश्चिमेच्या खुणेवर छिन्नी लावली. भिंत जपून फोडली.

काल पहिल्यांदा दिवा लावला. इकडे दिवेलागणीला तुमच्याकडे दुपार असते, म्हणून तुझी निजायची वेळ होईपर्यंत मी तो विझवत नाही. निजण्याआधी पूर्वेकडे तोंड करून क्षणभर उभा राहत जा.

तुझीच,
कोबाताई