मल्लूच्या जहाजाचा रंग

प्रिय मल्लू,

रंग कालवून ठेवलाय, ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलाय आणि तुझं जहाज माझ्यासमोर पाटावर आहे. हात लावायचं धाडस होईना, म्हणून पेन घेतलं. लाकूड रंग पितं, एकदा लावला की लावला, असं तूच म्हणायचास. चुकला तर खरवडून काढताना या बारक्या शिड्या मोडतील. सायकलीच्या तारा कापून इतक्या नाजूक शिड्या कशा रे केल्यास? मला तर त्यांच्याकडं बघायचीसुद्धा भीती वाटते. मांजर आत येऊ नये म्हणून दाराला दगड लावून बसलोय.

ज्या लढाऊ जहाजावर तू उमेदीची सगळी वर्षं काढलीस, ते कधीच तोडून भंगारात गेलं. तू मात्र निवृत्त होऊन माकणीला आलास आणि शेवग्याखाली बसून जुन्या चौकटीच्या सागवानातून तेच परत उभं केलंस. तोफा, डोलकाठी, दोर, सगळं. फक्त रंग राहिला. मी विचारलं की म्हणायचास, "सांगतो अण्णा, घाई काय हाय?"

घाई होती की रे. तुला कळली नाही आणि मलाही कळली नाही.

तू जाऊन वर्ष होत आलं, आता तुझं वर्षाचं जवळ आलंय. ते झालं की महानंदा सोलापूरला लेकीकडं, सुवर्णाकडं राहायला जाणार. बरोबर काय नेणार, असं विचारलं तर म्हणाली, "कपडे आन् त्यांचं जहाज. बाकी काय न्हाय." थोड्या वेळानं दाराआडूनच म्हणाली, "पण असं उघडं नगं, भाया. त्यांचं जहाज वाटाय पायजे." तुझ्या बायकोनं आयुष्यात माझ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली.

राखाडी म्हणजे राखाडी, असं मला वाटलं. सातवीपर्यंतच्या शाळेत आपल्याला तेवढंच शिकवलं. लोहाऱ्याच्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कशाला लावायचाय काका, गेटाला?"

"जहाजाला."

"कसल्या?"

"लढाऊ."

तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ऐकलं का? काका माकणीच्या धरणातून लढाईला निघालेत." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? मग त्यानं शेडकार्ड पुढं टाकलं. राखाडीचे इतके प्रकार असतात, मल्लू? तू इतकी वर्षं सुट्टीवर येत होतास, एकदा तरी बोलायचं होतंस.

एक डबा आणला. जहाजाला नाही लावला, तू टाकून दिलेल्या फळीच्या तुकड्याला लावला आणि महानंदाला दाखवला. लग्न झाल्यावर तू तिला मुंबईला नेऊन जहाज दाखवलं होतंस ना? माकणीत ते बघितलेली ती एकटीच. तिनं पदराआडून बघितलं आणि म्हणाली, "हे दुकानाचं शटर झालं, भाया." दुसरा आणला. "ही पाण्याची टाकी." मी चिडलो. मग होता तरी कसा, विचारलं. म्हणाली, "सांगता ईना. दिसला की वळखीन म्या."

तुझा अल्बम काढला. सगळे फोटो काळे-पांढरे. एकच रंगीत आहे, पण तो पिवळा पडलाय. जहाज पिवळं, समुद्र पिवळा आणि तूही पिवळा. सुवर्णानं मोबाईलवर चित्रं पाठवली. एकच जहाज सकाळी पांढरं दिसतं आणि संध्याकाळी निळं. मोबाईल उन्हात धरला तर वेगळा रंग, लिंबाच्या सावलीत धरला तर वेगळा. सुवर्णा म्हणाली, "काका, फोटोतला रंग खरा नसतो." मग खरा कुठं असतो? जेवताना, झोपताना मला तोच घोर. फळीचे तुकडे संपत आले. एक दिवस महानंदाच म्हणाली, "राहू द्या भाया, तसंच नेते." ते 'राहू द्या' मला फार लागलं रे.

शेवटी तुझ्या मोबाईलमधून पाटकरांचा नंबर शोधला. तुझ्याबरोबर जहाजावर होते ते कोकणातले. तू गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते मला सांगावं लागलं. मग मी रंगाचं विचारलं.

"सोपं आहे हो," ते म्हणाले. "मुशी मासा बघितलाय ना? त्याच्या पाठीसारखा."

"पाटकर, आम्ही लिंगायत. आमच्या घरात मासा चित्रातसुद्धा नाही."

ते हसले आणि हसता हसता नाक ओढलं. मी विचारलं, "पारव्याच्या पोटासारखा का?"

"नाय, त्यात निळं जास्त."

"सिमेंट?"

"छे, मेलेला रंग तो."

"मग राखेसारखा? ओल्या?"

फोन कट झाला की काय, म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिलो.

"थांबा," ते म्हणाले. "तुमचा मल्लिनाथ अंघोळ झाली की कपाळाला विभूती ओढायचा. ती ओली असताना जशी दिसायची, तसा. आम्ही चिडवायचो त्याला, अरे, उरलेली जहाजाला लाव. सुकली की पांढरी व्हायची, ती नव्हे हां. ओली."

फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिलो. तुला समाधीत बसवताना जंगमस्वामींनी तुझ्या कपाळाला विभूती लावली होती. तीही ओलीच होती. मी समोर उभा होतो आणि माझं लक्ष कुठं होतं? खड्डा पुरेसा खोल झाला का, कडेची माती ढासळणार तर नाही ना, तुझी मान नीट टेकली का. शेवटचा तो रंग समोर होता आणि मी माती बघत होतो.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून विभूती ओली केली. फळीवर लावली तर नुसता चिखल. मनगटावर लावली, तिथंही जमेना. ती कपाळावरच लावायला पाहिजे, आपल्या काळ्या कातडीवर. पण मला आरसा धूसर दिसतो, आणि तुकडा शोधून शेजारी धरेपर्यंत विभूती वाळून पांढरी होते. दुसऱ्या कुणाचे तरी डोळे पाहिजेत. घरात महानंदाशिवाय कोण होतं?

तुला आपल्या घरची रीत माहीतच आहे. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराच्या, भायाच्या तोंडाकडं बघायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं पदराची कड कधी वर केली नाही. तुझ्या मातीलासुद्धा माझ्याशी खाली बघूनच बोलली. तिला मी काय म्हणून सांगायचं, माझ्या कपाळाकडं बघ म्हणून? दोन दिवस तसेच घालवले. मग शेवग्याखाली पाट टाकून बसलो, वाटीत विभूती भिजवली, कालवलेल्या रंगांचे तुकडे शेजारी मांडले आणि पाटकर काय म्हणाले ते सांगितलं. पुढचं मला सांगवेना.

तिनं पदर मागं सारला.

मी डोळे मिटून घेतले. तिलाही बरं आणि मलाही.

"हलू नगा, भाया. न्हाय, हे काळं पडतंय. वाळली बघा, परत लावा."

परत लावली. परत वाळली. मी पांढरा वाढवला, निळ्याचा थेंब टाकला, पुन्हा डोळे मिटून बसलो. तुकडा कपाळाशेजारी यायचा आणि जायचा. मग एक तुकडा आला आणि गेलाच नाही. मी डोळे उघडले तर तिची नजर तुकड्यावर नव्हतीच. तुझं आणि माझं कपाळ एका साच्यातलं, असं आपली अव्वा म्हणायची, आठवतं?

"ह्योच," ती म्हणाली. पदर ओढून आत गेली.

मला तुझा राग येतो, मल्लू. मोठा मी. पुढं मी जायचं होतं. तिला तुझं कपाळ माझ्या तोंडावर शोधायला लावलंस, हे बरं केलं नाहीस.

आता लावतो. पातळ लावीन, एक हात वाळल्याशिवाय दुसरा देणार नाही. हात अवघडला तर उठून येरझारा घालीन आणि परत बसेन. सोलापूरच्या एसटीत जहाज मांडीवर धरीन, कंडक्टर काहीही म्हणाला तरी डिकीत ठेवू देणार नाही. आणि महानंदाला एवढं सांगेन की माझ्यापुढं आता पदर ओढायचा नाही. सोलापूरला मी येत जाईन. सकाळी तिथंच अंघोळ करीन, विभूती लावीन आणि वाळेपर्यंत तिच्यासमोर बसेन. तिला बघावंसं वाटलं तर तिनं बघावं.

तुझा,
अण्णा